विश्लेषण : सामन्याचे निकाल स्क्रिप्टवर सोपवावेत का?

बातम्यांच्या ढिगातून सामन्यांचे निकाल वेचून तक्ता करायला पायथॉनमधली छोटी स्क्रिप्ट पुरते. पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

हे काम कसे चालते?
१९८३च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे वाक्य घ्या : ‘भारताने वेस्ट इंडिजचा ४३ धावांनी पराभव केला.’ ‘ने’ लागलेला विजेता, ‘चा’ लागलेला पराभूत, मग फरकाचा आकडा. हा साचा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ने लिहून दिला की स्क्रिप्ट हजारो ओळी झटपट चाळते.

घोळ कुठे होतो?
बातमीदाराने ‘धूळ चारली’ लिहिले, की हा साचा फसतो. २०१९चा अंतिम सामना तर आणखी अवघड. इंग्लंड, न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा. सुपर ओव्हरमध्येही १५-१५. इंग्लंड जिंकले ते चौकार-षटकारांच्या २६-१७ अशा सरशीवर. ‘बरोबरी’ शब्द दिसताच स्क्रिप्टने सामना अनिर्णित नोंदवला, तर जगज्जेताच तक्त्यातून गायब!

मग उपाय काय?
साच्यात न बसणारी ओळ स्क्रिप्टने गाळू नये, अंदाजाने भरूही नये. बाजूला काढून माणसाला दाखवावी. अशा ओळी तपासायला थोडा वेळ जाईल. पण तक्त्यात शिरलेली चूक पुढे ‘आकडेवारी’ म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहते.