खारा वारा आणि काचेची माळ : किनाऱ्यावरील वीजवाहिन्यांना टेम्पर्ड काचच का हवी?

१/१०
उत्तनजवळच्या पाली या मच्छीमार गावात पश्चिमेचा वारा मीठ घेऊनच येतो. दारांच्या बिजागऱ्या, होड्यांचे खिळे, पत्र्यांच्या कडा त्याची साक्ष देतात. वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज ज्यासाठी झुंजले, तो धारावी किल्ला शेजारच्याच चौक गावातला. त्या लढ्याचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. मात्र हे मीठ विजेच्या मनोऱ्यांवर जो हल्ला चढवते, त्याचाही एक इतिहास आहे.

२/१०
१९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून परळपर्यंत वीज आली आणि गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. १९३६ मध्ये बोरिवली–विरार लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले; भाईंदरला विजेची लोकल आली. १९९० च्या दशकात डहाणूच्या औष्णिक केंद्राची वीज २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनी घोडबंदरकडे येऊ लागली. या साऱ्या प्रवासात तार आणि लोखंडी मनोरा यांना अलग ठेवणारा एक मूक पहारेकरी होता : विद्युतरोधक, अर्थात इन्सुलेटर.

३/१०
मनोऱ्यावरून लोंबणारी तबकड्यांची माळ ती हीच. प्रत्येक तबकडीला वर लोखंडी टोपी, खाली पोलादी खीळ आणि मध्ये चिनीमाती किंवा काच. कोरडे मीठ फारसे घातक नसते. पहाटेच्या दवाने ते ओलावले, की पृष्ठभागावरून वीज झिरपू लागते, ठिणग्या उडतात आणि अखेरीस संपूर्ण माळेवरून विजेचा लोळ धावतो. वाहिनी बंद पडते.

४/१०
यावरचा पहिला उपाय म्हणजे विजेची वाट लांबवणे. तबकडीखालच्या वळ्या त्याचसाठी असतात. स्वच्छ प्रदेशात दर किलोव्होल्टमागे १६ मिलिमीटर वाट पुरेशी मानली जाते. अतिप्रदूषित किनाऱ्यावर ३१. म्हणजे २४५ किलोव्होल्ट या कमाल दाबासाठी सुमारे ३.९ मीटरऐवजी तब्बल ७.६ मीटर. हे चिनीमातीलाही साधते. मग काचेचा आग्रह कशासाठी?

५/१०
उत्तरासाठी कंदिलाकडे वळावे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, तर प्रभाकर कंदिलाने घरोघरी पोहोचलेला ओगले काच कारखाना १९१६ चा. दोन्ही स्वदेशीच्या प्रेरणेतून उभे राहिलेले. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला, की ती तडकते, हे त्या पिढीला पुरते ठाऊक होते. अचानक थंड होणे हा काचेचा शत्रू, असाच सर्वांचा अनुभव.

६/१०
तोच शत्रू मित्रही होऊ शकतो. सतराव्या शतकात युरोपातील विद्वानांना काचेच्या एका थेंबाने चकित केले. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेल्या या थेंबाचे डोके हातोडीला दाद देत नसे. शेपटी मोडताच मात्र सारा थेंब चूर्ण होई. रहस्य असे : बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला आवळून धरतो. आवळलेल्या पृष्ठभागावर तडा सहसा पसरत नाही.

७/१०
टेम्पर्ड काचेची तबकडी याच तत्त्वावर घडते. मऊ होण्याच्या बेतापर्यंत तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. परिणामी ती एक तर अखंड राहते, नाही तर तिचा संपूर्ण घेर बारीक तुकडे होऊन गळून पडतो. मधली अवस्था तिला नाही.

८/१०
चिनीमातीत ती मधली अवस्था असते आणि खरा धोका तेथेच आहे. टोपीखालचा तडा बाहेरून दिसत नाही. बिघाडाच्या वेळी त्यातून प्रचंड प्रवाह गेला, तर आतल्या उष्णतेने टोपी उडू शकते, माळ तुटू शकते आणि जिवंत तार खाली येऊ शकते. काचेचा घेर फुटला, तरी टोपी व खिळीमध्ये चेपलेले तुकडे तारेचा भार पेलून धरतात. खालून चालणाऱ्या लाइनमनला माळेतील रिकामी जागा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

९/१०
काच निर्दोष नाही. दगड मारणाऱ्यांना ती आयतेच लक्ष्य ठरते. खाऱ्या हवेत झिरपणारा प्रवाह खिळीला गंजवतो. म्हणून तेथे जस्ताची बाही हवीच, आणि पावसाळा संपल्यावर धुणेही. पॉलिमरचे इन्सुलेटर हलके असतात, पाणी झटकतात, हा त्यांचा मोठा गुण; पण आतल्या काचतंतूंच्या दांड्याची झीज सहजी कळत नाही.

१०/१०
म्हणून किनाऱ्यालगतच्या उच्चदाब वाहिन्यांसाठी केवळ खरेदीच्या किमतीवर निवड करणे चुकीचे आहे. तबकडी किती काळ टिकते, याइतकाच ती निकामी झाल्याचे कसे कळते, हा प्रश्न महत्त्वाचा. जिवंत तार पडते ती शेतात, वाटेवर किंवा खाडीकाठच्या वस्तीत. तेथील माणसांच्या दृष्टीने, फुटल्याचे लपवणाऱ्या भक्कम वस्तूपेक्षा फुटल्याचे उघड सांगून भार पेलणारी वस्तू अधिक विश्वासाची. या कसोटीवर आज टेम्पर्ड काचच सरस ठरते.