यंत्र हाती आले, शास्त्र केव्हा?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्यातील वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. आपल्या अनेक पालकांनी तेथील यंत्रांवर उमेदीची वर्षे वेचली. यंत्र चालवण्याचे कसब त्यांच्या हाती आले. त्यामागील शास्त्र मात्र बहुधा इंजिनिअरच्या केबिनमध्येच राहिले. माझा विषय इतिहास; म्हणूनच ज्ञानाच्या या वाटणीविषयी लिहावेसे वाटते.

इस्टेटच्या रस्त्यावरून धावणारी पेट्रोल मोटारच पाहा. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यातील प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरक धातूच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मुक्त फिरणारा रेणू चिकटला की त्याचे स्वातंत्र्य घटते, एन्ट्रॉपी कमी होते. त्याची भरपाई बाहेर पडणाऱ्या उष्णतेने होते. म्हणूनच तापमान वाढले की चिकटलेले रेणू सुटू लागतात. इंजिन थंड असताना कार्बन मोनॉक्साइड सारी जागा अडवून बसतो, ऑक्सिजनला शिरकाव मिळत नाही आणि विषारी वायू तसाच बाहेर पडतो. तापमान सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचले की त्याची पकड सैलावते, ऑक्सिजनला जागा मिळते व दोघांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पकड फार सैल असेल तर क्रिया घडत नाही; फार घट्ट असेल तर पृष्ठभाग निकामी होतो.

‘जागा अडवून बसणे’ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु उपमेवर समाधान मानणे मला मान्य नाही. रेणूला जात नसते. त्याचे नियम मोजून आणि पडताळूनच कळतात. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कलेबरोबर विज्ञानाचेही होते. आपण मात्र हुशार मुलालाही ‘लवकर कामाला लाग’ असेच सांगत आलो.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. सभागृहाच्या रंगरंगोटीआधी प्रयोगशाळेकडे पाहा. चांगले वाळवलेले सिलिका जेल, एक थर्मामीटर आणि ओलसर हवा एवढ्या साहित्यातही अधिशोषणाची उष्णता मुलांना प्रत्यक्ष दाखवता येते. आच न देता पारा चढलेला पाहून एखादी मुलगी ‘असे का?’ म्हणून विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर तिला आपल्याच शाळेत मिळाले पाहिजे.