विहिरीचा दाखला

सरत्या वर्षाचा ताळेबंद यंदा आम्ही एका वाक्यात उरकतो: फेब्रुवारीत तालकटोऱ्यावर अठ्ठ्याण्णवे साहित्य संमेलन भरले तेव्हा दिल्लीकर मराठी माणसाचा ऊर भरून आला, आणि सप्टेंबरात मराठवाड्याची उभी पिके पाण्याखाली गेली तेव्हा तोच दडपला. बाकी वर्षभर आमच्या मनात ठाण मांडून बसली आहे ती एक विहीर.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या परसात, कपाशीच्या बांधापासून वीसेक पावलांवर, ती आहे. तिच्या पाण्याच्या तपासणीचा अर्ज गुदस्ता एका दप्तरी रीतसर गुजारला, तेव्हा यथावकाश ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का मारलेला दाखला हाती आला. आणि तो बारकाईने वाचता उमगले, की परीक्षा झाली ती केवळ जंतूंची, नायट्रेटचा रकाना कोराच होता, आणि कीटकनाशकांना तर रकानाच नव्हता. उन्हाळ्यात गेलो तेव्हा सोबतची नायट्रेटची तपासपट्टी पोहऱ्यात बुडवली. बघता बघता ती गडद गुलाबी झाली. डबीवरील रंगांशी ताडली, तो लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची भारतीय मानकाची मर्यादा केव्हाच मागे पडलेली.

“पण दादा, टीसीएल तर टाकतोच ना आम्ही!” धाकटा भाऊ म्हणाला. बिचाऱ्याचे काय चुकले? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जंतू मारते. शेतात ओतलेल्या युरियातून आणि गोठ्याच्या उकिरड्यातून झिरपलेल्या नायट्रेटला तिचे सोयरसुतक नाही, आणि पाणी उकळावे तर वाफ उडून जाते व नायट्रेट अधिकच दाटते. घरात चार महिन्यांची नात, वरचे दूध त्याच पाण्यात कालवलेले. असल्या पाण्याने तान्ह्या मुलांचे रक्त प्राणवायू वाहीनासे होते व अंग निळे पडते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाने नायट्रेटग्रस्त म्हणून ठळकपणे नोंदलेल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ हे सात आपले आहेत. मराठीच्या अभिजात दर्जाच्या आनंदात हा मान कोणी मिरवला नाही.

इकडे दिल्लीच्या सरोजिनी नगरात, जेथे नळाला शुद्ध केलेले पाणी येते, तेथे विक्रेता ग्लासात दोन लोखंडी कांड्या सोडून, वीज लावून पाणी तांबूस करून दाखवतो (तो रंग कांडीचा, पाण्याचा नव्हे) आणि भेदरलेली गृहिणी आरओ यंत्र घेऊन मोकळी होते. यंत्र हवे होते वर्ध्याला! साधी कोळशाची गाळणी कीटकनाशके पुष्कळ अंशी धरते, नायट्रेट मात्र जाऊ देते. त्याला आरओ किंवा आयन-विनिमयाची राळच लागते.

२००३ साली शीतपेयांत कीटकनाशके सापडली तेव्हा संसदेने संयुक्त समिती नेमली, यंदाच्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष शरद पवार यांच्याच अध्यक्षतेखाली, आणि २००४ च्या फेब्रुवारीत त्या समितीने कीटकनाशके सापडल्याचे निष्कर्ष ग्राह्य धरले. बाटलीसाठी संसद बसली. विहिरीसाठी एक रकाना आखण्याची तजवीज वीस वर्षांत होऊ नये, हा आमचा सल.

प्रस्तुत अंकाचा विषय ‘पाणवठे’ का, हे आमच्या जुन्या वाचकांनी एव्हाना ओळखलेच असेल. भावाला कळवले आहे: नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान त्याच विहिरीच्या पाण्याने खुशाल करावे, कातडीला नायट्रेटची बाधा नाही, नातीच्या दुधाचे पाणी मात्र यंत्र बसेपर्यंत शेजारगावच्या टाकीवरून आणावे. तो आणतो आहे, सायकलला दोन कॅन बांधून.