खोक्यावरचे वॅट आणि लेबलवरचे अँपिअर

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मुलांना मोबाइल किती वेळ द्यावा असे विचारणाऱ्या अम्मी आता विचारू लागतात, की मुलगा गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून मागतोय, पस्तीस-चाळीस हजारांत बसेल का? ईदीचे साठवलेले पैसे, मामूंनी कबूल केलेले पाच हजार आणि उरलेले घरखर्चातून, असा हिशेब पत्रात मांडलेला असतो. सोबत मुलाने वहीच्या कागदावर लिहिलेली यादी. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम, एसएसडी, सगळ्यांची नावे मॉडेल नंबरासकट अचूक. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, कॅबिनेटच्या वर: 'एसएमपीएस ५०० वॅट, ७०० रुपये'. ना कंपनीचे नाव, ना मॉडेल.

अशी यादी आम्ही खालून वर वाचतो, ती या ओळीसाठी.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेतून कॉम्प्युटरला चालेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करणारा लोखंडी डबा. मुले त्याला पीएसयू म्हणतात, दुकानदार एसएमपीएस. घरात ज्या पेटीला सगळे 'सीपीयू' म्हणतात, तिच्या मागे जिथे जाड काळी वायर लागते, तिथे तो बसलेला असतो. त्याने गेम तसूभरही वेगाने चालत नाही. म्हणून पैसे कमी पडले की कात्री आधी त्याच्यावर चालते. पण पेटीतल्या झाडून सगळ्या वस्तूंना वीज जाते ती त्याच्यातूनच. रॅम बिघडली तर रॅम जाते. हा डबा वाईट तऱ्हेने बिघडला, तर जाताना मदरबोर्ड आणि वीस हजारांचे कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

आता खोक्यावरच्या '५०० वॅट'चे काय, ते पाहू. डब्याच्या एका बाजूला एक लेबल असते. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा. बाकीचे सोडून द्या, १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखालच्या अँपिअरला १२ ने गुणा. तिथे १६ अँपिअर लिहिले असतील तर उत्तर १९२ वॅट. म्हणजे खोक्यावर ५०० लिहिलेल्या डब्याची कामाची ताकद दोनशेलाही पोहोचत नाही. उलट चांगल्या ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टखाली ३६ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो. गुणाकार ४३२ वॅट. खोक्यावरचा आकडा लहान, पण ताकद दुपटीहून जास्त.

हे असे का? एटीएक्स पद्धतीचे कॉम्प्युटर १९९५ मध्ये आले, तेव्हा आतला बराचसा भाग ५ आणि ३.३ व्होल्टवर चाले. २००० च्या सुमारास पेंटियम फोर आला आणि प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली. त्यानंतर ग्राफिक कार्डेही १२ व्होल्टवर गेली. आजच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर असतो. स्वस्त डबे मात्र अजून जुन्या घडणीचेच निघतात. ज्या रकान्याची आज फारशी गरज नाही, तिथे मोठे आकडे टाकून बेरीज पाचशेवर नेलेली असते. काही डब्यांवर तर १२ व्होल्टचा आकडा छापायचेही टाळतात. असा डबा दिसला की तो हातात घेऊन वजन करत बसू नये, परत ठेवून द्यावा.

भार किती लागेल, हेही घरी बसून काढता येते. समजा यादीत रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० हे कार्ड आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोर लागला की त्याहून जास्त घेतो, म्हणून हात राखून ८८ धरा. कार्ड १७० वॅटचे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० धरा. बेरीज ३०८ वॅट. १२ ने भागले तर साधारण २६ अँपिअर. १६ अँपिअरच्या डब्यावर हे चालवणे म्हणजे रिक्षात अख्खी वरात बसवणे. एनव्हिडिया कंपनी स्वतः या कार्डासाठी ५५० वॅटचा डबा सुचवते. बेरीज ३०८ असताना ५५० कशाला, असे अब्बांना वाटणारच. त्याचे कारण असे, की ही कार्डे सतत एकसारखी वीज घेत नाहीत. गेममध्ये एखादा भारी प्रसंग आला की सेकंदाच्या अगदी लहानशा भागासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. शिवाय कंपनीला ग्राहक कोणता डबा लावणार हे ठाऊक नसते, म्हणून ती हात राखून आकडा सांगते. चांगल्या डब्याला थोडी मोकळीक दिली की तो कमी तापतो, पंख्याचा आवाज कमी होतो आणि पुढे कार्ड बदलले तरी तोच चालतो.

कमी ताकदीचा डबा लगेच जळतोच असे नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. कॉम्प्युटर सुरू होतो, यूट्यूब चालते, शाळेचा प्रोजेक्ट टाइप होतो. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पडदा काळा होतो आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होते. मुलगा ग्राफिक कार्डाला दोष देतो, दुकानदार चारशे रुपये घेऊन विंडोज नव्याने टाकून देतो, पण आजार तसाच राहतो. हलके काम नीट आणि जड काम सुरू झाले की बंद, असे होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. दुसरा संशय धुळीने भरलेल्या पंख्यांवर.

'८० प्लस' या बिल्ल्याविषयीही पत्रांत विचारणा असते. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेली ही योजना डबा किती वीज वाया घालवतो एवढेच मोजते. ब्राँझची मूळ अट निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेची आहे. बिलात फरक किती पडतो तेही सांगतो. ३०० वॅटच्या भारावर रोज चार तास गेम खेळले, तर ८० आणि ८५ टक्क्यांतला फरक महिन्याला तीनेक युनिटही होत नाही. तेव्हा बिल वाचवायला गोल्ड घेण्यात अर्थ नाही. बिल्ल्याचा उपयोग वेगळा आहे. त्या तपासणीत उतरायला सुटे भाग बऱ्यापैकी घालावे लागतात, त्यामुळे अगदी टाकाऊ माल बाहेर राहतो. मात्र ती तपासणी सुमारे २३ अंश तापमानाच्या खोलीत होते. मे महिन्यातल्या मालेगावच्या किंवा नागपूरच्या खोलीशी तिचा संबंध नाही. म्हणून डबा ४० किंवा ५० अंश तापमानात पूर्ण भार झेलतो असे कंपनीने लिहिले आहे का, ते पाहावे.

बिल्ला आणि मोठे नाव दोन्ही असूनही काय होऊ शकते, याचा दाखला २०२१ चा आहे. तैवानच्या गिगाबाइट कंपनीच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन मॉडेलांविषयी तक्रारी आल्या. त्यावर गोल्डचा बिल्ला होता. स्वतंत्र चाचणी करणाऱ्यांनी ते डबे तपासले, तेव्हा त्यातले काही जोरदार आवाज करून जळाले. डब्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला की तो स्वतः बंद पडायला हवा. या मॉडेलांत ही मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती. कंपनीने ती ११० ते १२० वर आणली आणि डबे बदलून देण्याची तयारी दाखवली. तेव्हा कंपनीचे नाव पाहून थांबू नये. नेमक्या त्या मॉडेलची, डबा उघडून आणि भार देऊन केलेली चाचणी कोणी केली आहे का, हे मुलाला शोधायला सांगावे. त्याला ते काम आवडेलही. जास्त भार, जास्त व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान या चारही वेळी डबा बंद पडतो असे माहितीत स्पष्ट लिहिलेले असावे.

डबा चांगला घेतला, पण घरातली वीज? जुन्या चाळीत, वाड्यात किंवा घाईने बांधलेल्या इमारतीत कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. 'एसएमपीएस खराब निघाला' म्हणून लोक बदलायला जातात, आणि नव्या डब्यानेही तेच होते. दोष बहुतेकदा अर्थिंगचा असतो. विजेतला गोंगाट गाळणारे लहान कपॅसिटर डब्याच्या लोखंडी अंगाला जोडलेले असतात आणि त्यांतून जाणारा किंचितसा प्रवाह अर्थच्या तारेने जमिनीत जायचा असतो. ती तारच नसेल तर पेटीच्या अंगावर मुख्य विजेच्या निम्म्याइतका व्होल्ट येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. पण अर्थिंग नाही, याचा अर्थ एखाद्या दिवशी आतली तार सुटून अंगाला टेकली तर माणसाला वाचवणारे काही नाही. पायात चपला घालून गेम खेळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनेत अर्थ खरोखर येते का ते मोजून घ्यावे. काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात आणि झिणझिण्या थांबतात. हे अजिबात करू देऊ नये. पुढे कधी न्यूट्रल तुटली तर अख्खी पेटी २३० व्होल्टवर येईल. लहान मुले असलेल्या घरात तर या कामाला कॉम्प्युटरपेक्षाही आधी पैसे काढावेत.

लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना कॉम्प्युटर बंद पडतो, हीसुद्धा नेहमीची तक्रार. वीज तुटल्यावर एसएमपीएस आपल्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर क्षणभर तग धरतो. चांगल्या डब्याने पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो, एकीकडे 'यूपीएस' आणि दुसरीकडे 'नॉर्मल' किंवा 'इको'. तो यूपीएसवर असेल तर बदल लवकर होतो आणि चांगला डबा तेवढा वेळ सहज निभावून नेतो. खटका दुसरीकडे असेल तर चांगलाही पडतो. स्वस्त डब्यात तो कपॅसिटरच लहान घातलेला असतो, त्यामुळे खटका कुठेही असला तरी फरक पडत नाही. नवा इन्व्हर्टर घेणार असाल तर साइन वेव्हचाच घ्यावा. चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर आजचे काही चांगले डबे कुरकुर करतात.

अजून एक, धाकट्या मुलांसाठी. काही स्वस्त डब्यांच्या मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. आपल्याकडे चालू मशीनवर तो ११५ कडे सरकला की मोठा आवाज होतो आणि डबा संपतो. डबा घेतलाच असेल तर त्या खटक्यावर चिकटपट्टी लावून टाका.

खरेदीचे पाहू. ४५० ते ५५० वॅटचा, ब्राँझचा, नीट चाचणी झालेला डबा साधारण तीन ते चार हजारांत मिळतो. म्हणजे यादीतल्या सातशेच्या जागी अडीच-तीन हजार जास्त. ते कुठून काढायचे? कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांतून आणि काचेच्या दारातून. दिवे नसले तरी गेम तसाच चालतो. लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावातल्या दुकानात जाण्याआधी कंपनीच्या साइटवर लेबलचा फोटो पाहून घ्यावा. डब्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पडताळता येतो. पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. चांगल्या डब्यांना तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, पण बिलाशिवाय ती कागदावरच राहते. ग्राफिक कार्डाला आठ पिनांची वायर लागत असेल तर ती थेट डब्यातून निघणारी हवी. जुन्या मोलेक्सच्या जोडणीवरून तयार केलेला तुकडा दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नये, तो तापून वितळतो. जुना वापरलेला डबा तर भाच्याने दिला तरी नको, आत किती उन्हाळे गेले ते बाहेरून कळत नाही. आणि बंद पडलेला डबा घरी कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ टिकून असतात.

राहिला प्रश्न पंधरा-वीस हजारांतच सगळे बसवू पाहणाऱ्यांचा. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात आणि त्यात कार्ड घालून गेम चालवायची कल्पना चांगली आहे. त्यांचे एसएमपीएस अडीचशे वॅटच्या आसपासचे दिसतात, पण तो आकडा बहुधा प्रामाणिक असतो. अडचण अशी, की त्यातल्या अनेकांची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते, त्यामुळे बाजारातला डबा सरळ बसत नाही. अशा मशीनसाठी जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड पाहावे, आणि त्यातही वेगळी वायर न लागणारे. मदरबोर्डावरच्या खाचेतूनच ७५ वॅट मिळतात. पेटी बुटकी असेल तर कार्डही कमी उंचीचे लागते, तेवढे पट्टीने मोजून न्यावे. मग जुन्या एसएमपीएसला हात लावायचे काम पडत नाही.