रविवर्म्यांची लक्ष्मी विकत घेण्याआधी

सागवानी चौकट, पिवळटलेला कागद, कमळावर उभी लक्ष्मी आणि शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. खाली छोटी पाटी : ‘अँटिक, राजा रविवर्मा’. नव्या घराच्या दिवाणखान्यात अशी एखादी तसबीर लावावी असं पुष्कळांना वाटतं, त्यात वावगं काही नाही. फक्त पैसे मोजण्याआधी गॅलरीवाल्याला दोन गोष्टी विचारा. हे हाताने रंगवलेलं आहे की छापलेलं? आणि छापलेलं असेल तर कधीचं? उत्तर तोंडी मिळालं की थांबू नका, तेच बिलावर लिहून मागा.

आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरात होती ती रविवर्म्यांची चित्रं बहुतेक सगळी छापीलच. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथे चित्र दगडावर उतरवत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, तेलकट शाईने एकावर एक छाप, आणि शेवटी वार्निश. यालाच ओलिओग्राफ म्हणतात. लांबून ते तैलचित्रच वाटावं हाच मुळी हेतू होता, तेव्हा फसलात तर स्वतःला बोल लावू नका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्मा 1906 साली वारले, छापखाना मात्र त्यांच्यामागे कित्येक दशकं चालू होता. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथून निघाली. म्हणजे खाली ‘रविवर्मा प्रेस’ असं छापलेलं आहे एवढ्यावरून चित्र रविवर्म्यांचं ठरत नाही, आणि त्यांच्या हयातीतलं तर मुळीच ठरत नाही. गॅलऱ्यांच्या पाट्या नेमक्या इथेच मोघम होतात.

आता भिंगाकडे या. सोनाराकडे असतं तसं दहापटीचं भिंग सोबत ठेवा आणि ते लक्ष्मीच्या गालावर धरा. जुना शिळाछाप असेल तर गुलाबी, तपकिरी, फिकट निळे ठिपके दिसतील, पण शिस्तीत नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एखादा लांबट, कारण कारागिराने ते एकेक करून हाताने दगडावर काढलेले असतात. आजच्या ऑफसेट छपाईतले ठिपके ठरावीक अंतरावर, बारीक फुलांच्या नक्षीसारखे ओळीने बसलेले असतात. संगणकावरून काढलेल्या प्रिंटमध्ये शाईचा तुषार उडाल्यासारखा दिसतो. खऱ्या तैलचित्रात यातलं काहीच नाही, तिथे रंगाचा थर आणि ब्रशच्या रेघा दिसतात. काही ओलिओग्राफांवर कॅनव्हासच्या विणीचा उठाव मुद्दाम आणलेला असे, त्यामुळे नुसतं बोट फिरवून काही ठरवू नका. (खरं तर बोट फिरवूच नका.) भिंग लावायला नकार मिळाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

चौकट जुनी म्हणून आतला कागदही जुना, असं समजू नका. जुन्या चौकटी बाजारात सुट्या मिळतात, आणि कागद चहाच्या पाण्यातून काढून ‘जुना’ करता येतो. वयाने पिवळा पडलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा नसतो. चौकटीखाली झाकलेली कड आणि उजेडात राहिलेला भाग यांत फरक दिसतो. जर आणि टिकल्या लावून सजवलेली चित्रं महाग सांगितली जातात. पूर्वी घरोघरी बायका अशी सजावट करत, हे खरंच आहे. पण जुन्या छापावर नवी जर चढवता येते, हेही तितकंच खरं. धातूची जुनी टिकली काळवंडते. प्लास्टिकची टिकली दिसली तर ती अलीकडची, हे सांगायला तज्ज्ञ नको.

‘दुर्मीळ’ म्हटलं की ‘कशावरून?’ असं विचारा. ही चित्रं घराघरांत पोचावीत म्हणूनच छापली होती. मोल ठरतं ते कागदाची अवस्था कशी आहे आणि खालची छापील ओळ शाबूत आहे का, यावर. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे की मुदत ठेव बरी. आवडलं, रोज बघावंसं वाटलं, तर घ्या.

परदेशातल्या लेकी-जावयांसाठी घेणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यांची मूळ चित्रं तर राष्ट्रीय कलाठेवा आहेत, ती बाहेर जाऊच शकत नाहीत. ‘कस्टममध्ये कोण बघतंय’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो आधी हातात घ्या आणि मग बॅग भरा.

अस्सल तैलरंग कसा दिसतो हे नजरेत बसवायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात एक दिवस घालवा. रविवर्म्यांचे कॅनव्हास तिथे आहेत. ते एकदा नीट पाहिले की गॅलरीतली निम्मी बडबड आपोआप गळून पडते.

ज्यांच्या घरीच अशी तसबीर आहे त्यांनाही थोडं सांगायचं आहे. वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा माळ्यावरच्या तसबिरी काचेच्या भावाने भंगारात जातात. तसं करू नका. आधी उजेडात फोटो काढा, मागची बाजूही टिपा, आणि विकायचंच असेल तर एका दुकानात न थांबता दोन-तीन ठिकाणी दाखवा. ओल्या फडक्याने पुसू नका, नवं वार्निश मारू नका, लॅमिनेशन तर नकोच. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवून ठेवा, नाहीतर कसर लागते. चौकट बदलायला दिलीत तर कारागिराला बजावून सांगा की कागद कडेने कापायचा नाही, मागे प्लायवुडऐवजी आम्लविरहित पुठ्ठा घालायचा, आणि खालची छापील ओळ काचेतून पूर्ण वाचता आली पाहिजे.