विश्लेषण : प्लास्टिकच्या डब्यात अजगर... घरगुती ‘टब रॅक’ नेमका कुणाच्या सोयीचा?

कपडे आणि जुनी भांडी ठेवण्यासाठी मिळणारे प्लास्टिकचे डबे, लॅमिनेट लावलेल्या काही फळ्या, तापणारी पट्टी आणि एक थर्मोस्टॅट. एवढ्या सामानात सुट्टीच्या दोन दिवसांत सापांसाठी ‘टब रॅक’ तयार होतो. अमेरिका आणि युरोपमध्ये सरीसृप पाळणाऱ्यांत अशी कपाटे अनेक वर्षांपासून रुळली आहेत. आता ती बनवण्याचे व्हिडीओ भारतातही पाहिले जातात. स्वस्त आणि सुटसुटीत असलेली ही रचना प्राण्यासाठी योग्य आहे का, आणि भारतात तिचा विचार करण्याआधी काय माहीत असावे, याचा हा आढावा.

टब रॅक म्हणजे काय?

ड्रॉवरच्या कपाटासारखी ही रचना असते. प्रत्येक कप्प्यात एक डबा सरकतो, मात्र डब्याला झाकण नसते. वरची फळीच झाकणाचे काम करते. त्यामुळे डब्याची कड आणि फळी यांतील फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ठेवावी लागते. सापाची पिल्ले अविश्वसनीय अरुंद जागेतून निसटतात. फळी ओलाव्याने थोडी जरी वाकली तरी हे गणित बिघडते. म्हणूनच साध्या एमडीएफऐवजी लॅमिनेटेड बोर्ड वापरतात. तो पुसता येतो आणि लवकर फुगत नाही.

हवेसाठी डब्याच्या बाजूंना सोल्डरिंग आयर्नने छिद्रे पाडतात. ती आतून बाहेर पाडायची, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचे अंग सोलवटत नाही. कप्प्याच्या मागच्या भागात किंवा डब्याखाली उष्णतेची पट्टी बसते. डब्याचे एक टोक उबदार, दुसरे तुलनेने थंड, अशी कल्पना. सरीसृप शरीराचे तापमान स्वतः निर्माण करत नाहीत, जागा बदलून ते राखतात. त्यामुळे डब्यातला हा तापमानाचा उतार त्यांच्यासाठी चैन नसून पचनाइतकीच मूलभूत गरज आहे.

ही पद्धत रुजली कशी?

याचे मुख्य कारण बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा, शांत अजगर. घाबरला की चेंडूसारखी गुंडाळी करतो, त्यावरून हे नाव पडले. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याची मोठी निर्यात झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्याच्या अल्बिनो रूपाची बंदिवासात पैदास यशस्वी झाली आणि वेगवेगळ्या रंगरूपांच्या, म्हणजे ‘मॉर्फ’च्या पैदाशीचा धंदा उभा राहिला. एकेका रूपासाठी अनेक माद्या, अनेक नर आणि शेकडो पिल्ले ठेवायची, तर काचेच्या पेट्या परवडत नाहीत. एका भिंतीवर पन्नास डबे मावतात, एका थर्मोस्टॅटवर अख्खी रांग चालते, डबा ओढला की दोन मिनिटांत साफ होतो.

म्हणजेच टब रॅक हे पैदास करणाऱ्याच्या अडचणीचे उत्तर होते. पुढे तेच एक-दोन साप हौसेने पाळणाऱ्यांच्या घरात ‘सर्वोत्तम पद्धत’ म्हणून पोहोचले. खरा घोळ इथेच आहे.

समर्थकांचा युक्तिवाद काय?

तो पूर्णपणे पोकळ नाही. बॉल पायथन निसर्गात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत बराच काळ दडून असतो. उघड्या, मोठ्या काचपेटीत लपायला जागा नसेल तर तो खाणे सोडतो. अंधारा, अरुंद, दमट डबा त्याला सुरक्षित वाटतो, असा अनुभव पाळणारे सांगतात. नव्या सापाला विलगीकरणात ठेवणे, आजारी सापावर उपचार, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे सांभाळणे, या कामांत डबा उपयोगीच आहे.

पण बिळात राहणारा प्राणी बिळातून बाहेरही पडतो. नायजेरियात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात या जातीचे नर झाडांवर चढतात आणि त्यांच्या आहारात पक्षी मोठ्या प्रमाणात असतात, असे दिसले होते. लपायला जागा देणे वेगळे आणि लपण्याखेरीज दुसरे काही करूच न देणे वेगळे.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत प्रौढ बॉल पायथनसाठी वापरला जाणारा लोकप्रिय डबा ४१ क्वार्टचा, म्हणजे सुमारे ३९ लिटरचा असतो. त्याची लांबी साधारण ८८ सेंमी, रुंदी ४२ सेंमी आणि उंची जेमतेम १५ सेंमी. कर्ण मोजला तरी तो सुमारे ९७ सेंमी भरतो. प्रौढ मादी मात्र १२० ते १५० सेंमीपर्यंत वाढू शकते. अशा मादीला त्या डब्यात एकदाही सरळ होता येणार नाही. हल्ली अनेक जाणकार सुचवतात ती १२० × ६० × ६० सेंमीची पेटी ४३२ लिटरची भरते. म्हणजे डब्याच्या अकरा पट.

साप सरळ होतच नाही, मग जागा कशाला, असे म्हटले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ सापांचे प्रत्येकी तासभर निरीक्षण केले गेले. त्यांतील २४ साप सरळ किंवा जवळपास सरळ अवस्थेत दिसले. २०२१ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी बॉल पायथनचे रॅकमधील आणि सजवलेल्या पेटीतील वर्तन ताडून पाहिले. चढणे, अंग ताणणे, ऊब घेणे अशा नैसर्गिक हालचालींना रॅकमध्ये वावच नसतो, त्यामुळे कायमच्या निवासासाठी ही पद्धत योग्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. साप खातो, कात टाकतो, अंडी घालतो, म्हणून तो सुखात आहे, हा तर्क पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही लावता येईल.

घरी बनवण्यात धोका कुठे?

सगळ्यात मोठा धोका उष्णतेचा. बॉल पायथनच्या उबदार कोपऱ्यात ३१ ते ३२ अंश सेल्सिअस पुरते. साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट खराब होताना रिले चिकटून ‘ऑन’ अवस्थेत अडकला, तर पट्टी तापतच राहते. पोटाखालची उष्णता साप वेळेत टाळेलच असे नाही. भाजलेले साप पशुवैद्यकांकडे येतात ते यामुळेच. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर एकाच कप्प्यात असतो. बाकीच्या नऊ डब्यांत काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. सेन्सर जागचा हलला तर तो थंड हवा मोजतो आणि पट्टीला आणखी तापवतो. मर्यादा ओलांडताच वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट हा त्यावरचा साधा उपाय आहे. पण खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच गाळला जातो.

भारतात आणखी दोन अडचणी आहेत. अमेरिकी पट्टी १२० व्होल्टसाठी बनते. ती आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडली तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक वाढते. प्लास्टिक आणि भुश्शाच्या फळीशेजारी हे आगीला आमंत्रण आहे. दुसरी अडचण हवामानाची. हा रॅक थंड घरांसाठी जन्माला आला. हीटर उष्णता वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला पोहोचली, की डब्याला थंड टोक उरतच नाही. थर्मोस्टॅट इमानदारीने बंद असतो आणि आतला प्राणी तरीही शिजत असतो. कूलर किंवा एसीच्या भरवशावर ठेवावे, तर वीज गेल्यावर काय?

कायदा काय म्हणतो?

भारतीय साप घरात पाळताच येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित साप परवानगीशिवाय पकडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. भारतीय अजगर तर अनुसूची १ मध्ये आहे. परदेशी जातींबाबत २०२२ ची दुरुस्ती महत्त्वाची. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि ‘साइट्स’ करारातील जाती अनुसूची ४ मध्ये आल्या. बॉल पायथन त्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. तरीही मुंबई विमानतळावर सामानात दडवून आणलेले बॉल पायथन पकडले गेले आहेत. कागदपत्रांशिवाय ‘स्वस्तात मिळालेला’ अजगर कुठून आला असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मग डबा वापरूच नये का?

वापरावा, पण किती काळ, हे ठरवून. आपल्याकडे घरात शिरलेला साप पकडल्यावर सर्पमित्र त्याला हवेशीर डब्यात ठेवतात आणि वन विभागाला कळवून लवकर मुक्त करतात. तिथे डबा योग्यच आहे, कारण तो तात्पुरता आहे. बॉल पायथन बंदिवासात सहज वीस-तीस वर्षे जगतो. काही दिवसांसाठी ठीक असलेली जागा जन्मभराचे घर ठरवली, की सोयीचे रूपांतर कोंडवाड्यात होते.

रॅक बांधणे सोपे आहे आणि त्यामागची कारागिरी कौतुकाचीही आहे. मात्र फळी कापण्याआधी मोजमाप भिंतीचे नव्हे, तर सापाच्या लांबीचे घ्यायला हवे. चार फुटांची पेटी घरात मावत नसेल, तर त्या घरात अजगरही मावत नाही, एवढा सरळ हिशेब प्रत्येक हौशी पाळणाऱ्याने आधी करावा.