पाण्याखालचा पाया



एका पाणबुड्याने बुडी मारून एक भलंमोठं चर्च वाचवलं, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, “बाई, काहीतरीच!” पण ही अगदी खरी गोष्ट आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला विंचेस्टर नावाचं जुनं शहर आहे. तिथे एक भव्य कॅथीड्रल आहे. प्रत्येक चर्चला काही कॅथीड्रल म्हणत नाहीत बरं का! ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या मुख्य धर्मगुरूंचं आसन असतं, ते कॅथीड्रल. विंचेस्टरचं कॅथीड्रल सुमारे १७० मीटर लांब आहे. शंभर मीटरची शर्यत आत लावली तरी जागा उरेल!

त्याचं बांधकाम १०७९ साली सुरू झालं. पुढे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडची बाजू वाढवली. पण तिथली जमीन पाणथळ. कुजलेल्या झाडपाल्याचा मऊ, काळा थर आणि त्याखाली टणक खडी. पाण्यामुळे खडीपर्यंत खणणं कारागिरांना जमेना. मग त्यांनी बीच झाडाचे ओंडके आडवे रचले आणि त्यांवर दगडी भिंती उभ्या केल्या.

घरी एक प्रयोग करा. ओल्या स्पंजवर वीट ठेवा. स्पंज दबतो, वीट एका बाजूला कलते. हो ना? कॅथीड्रलचं तसंच झालं, फक्त सातशे वर्षं लागली! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींना मोठमोठ्या भेगा पडल्या, भिंती कलू लागल्या. आता इमारत कोसळणार की काय?

मग भिंतींखाली नवा पाया घालायचं ठरलं. पण खड्डा खणला की तो पाण्याने भरायचा. “मग पंपाने पाणी उपसायचं!” असं तुम्ही म्हणाल. पण पाण्याबरोबर भिंतीखालची मातीही वाहून आली असती, आणि भिंत खड्ड्यात! तेव्हा इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांनी वेगळाच उपाय सुचवला. पाणी तिथेच राहू द्यायचं आणि पाण्यात माणूस उतरवायचा.

तो माणूस म्हणजे विल्यम वॉकर. १९०६ ते १९११ अशी जवळजवळ सहा वर्षं ते रोज सहा-सहा तास पाण्याखाली काम करीत होते. अंगावर सुमारे ९० किलो वजनाचा पोशाख, डोक्यावर धातूचं शिरस्त्राण आणि श्वासासाठी वरून सोडलेली हवेची नळी. पाणी इतकं गढूळ, की डोळ्यांसमोरचा हातही दिसत नसे. सगळं काम चाचपडत! मऊ थर काढायचा, खडी लागली की काँक्रीटच्या पिशव्या नीट बसवायच्या. काँक्रीट घट्ट झालं की खालून पाणी येणं बंद. मग खड्डा उपसून गवंडी वर पक्कं बांधकाम करीत. सगळी भिंत एकदम उघडी पडू नये, म्हणून एका वेळी थोडाच भाग घेत. या कामाला २५,८०० पिशव्या काँक्रीट, १,१४,९०० काँक्रीटचे ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्या!

१५ जुलै १९१२ रोजी कॅथीड्रलमध्ये आभाराची मोठी प्रार्थना झाली. राजे पंचम जॉर्ज स्वतः हजर होते. वॉकर यांचा सन्मान झाला. पुढे १९१८ च्या फ्ल्यूच्या साथीत ते वारले.

पण गंमत पाहा. १९६४ मध्ये कॅथीड्रलमध्ये वॉकर यांचा छोटा पुतळा बसवला, तर त्याला चेहरा आला इंजिनिअर फॉक्स यांचा! खऱ्या चेहऱ्याचा पुतळा यायला २००१ साल उजाडलं. ज्याने इतकी वर्षं अंधारात काम केलं, त्याचा चेहरा लोकांनी ओळखूही नये, याचं वाईट वाटतं ना?

मोठी देवळं, किल्ले, चर्च पाहताना आपण वर बघतो. कळस, बुरूज, रंगीत काचा पाहून “वा!” म्हणतो. पण ते सगळं तोलून धरतो तो न दिसणारा पाया, आणि तो घालणारे हात. तुमच्या शाळेचा पाया किती खोल आहे, तो कुणी खणला, माहीत आहे का? आई-बाबांना, गावातल्या एखाद्या जुन्या गवंड्यांना विचारा. वहीत लिहून ठेवा. नावं मात्र नीट लिहा हं!

तुमच्या बाई